भरतीची धाव आणि बर्फाचं पाणी

पहाटे साडेचारच्या सुमारास घाटनांदूरहून अंबाजोगाईच्या रस्त्याला लागलं की गाडीच्या उजेडात आधी बूट चमकतात, मग मुलं दिसतात. कधी दोघं-तिघं, कधी दहा-बारा. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की ही गर्दी वाढते. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, शिवाय दोघांनाही 100 मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणीचे एकूण गुण 50. आमच्या भागात या 50 गुणांचा अर्थ फार सरळ आहे. निवड झाली तर वर्दी, नाहीतर कोयता. दिवाळीनंतर आई-बाप ऊसतोडीला गेलेले असतात आणि मागे राहिलेला पोरगा रस्त्यावर धावत असतो.

जानेवारीत एका लग्नासाठी पुण्याला गेलो होतो. शहरभर सायकलींचीच चर्चा होती. पुणे ग्रँड टूर नावाची पाच दिवसांची, 437 किलोमीटरची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत जिल्ह्यात झाली. तिच्या मार्गावरचे रस्ते नव्याने केले गेले, त्यामुळे पुणेकर एकाच वेळी खूश होते आणि चिडलेलेही. (रस्ता हवा असेल तर गावात शर्यत भरवा, असं आमचे एक नातेवाईक म्हणाले. घाटनांदूरकरांनी लक्षात ठेवावं.) माझा एक वर्गमित्र क्रीडावैद्यकात काम करतो. त्याने विचारलं, "लग्नात जेवून झोपणारच ना? त्यापेक्षा चल, आमची मुलं दाखवतो." तो ज्या प्रशिक्षण केंद्रात जातो त्याचं नाव मी लिहीत नाही. मला आत नेल्याबद्दल त्याला उगाच उत्तरं द्यावी लागायला नकोत.

मोठ्या यंत्रांची अपेक्षा होती, तीही होती. एक मुलगा तोंडाला मुखवटा लावून धावपट्टीवर पळत होता आणि त्याच्या श्वासातला प्राणवायू संगणक मोजत होता. शरीर दर मिनिटाला, वजनाच्या दर किलोमागे जास्तीत जास्त किती मिलिलीटर प्राणवायू वापरू शकतं, याचा हा हिशोब. तुमच्या-आमच्या घरातल्या तरुणाचा आकडा बहुधा 35 ते 45 च्या दरम्यान येईल. लांब पल्ल्याच्या जागतिक दर्जाच्या धावपटूचा 70 च्या पुढे जातो. दर काही मिनिटांनी एक ताई त्या मुलाच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेत होती. त्या थेंबातलं लॅक्टेट पाहून ठरतं, कोणत्या वेगापर्यंत हा मुलगा आरामात पळतो आणि कुठून पुढे त्याचं शरीर उधारीवर चालायला लागतं.

मित्राने त्यातून जो निष्कर्ष सांगितला तो मात्र आमच्या रस्त्यावरच्या मुलांच्या अगदी उलटा होता. "आमची मुलं आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा जीव तोडून पळतात. बाकी दिवस गप्पा मारता येतील इतक्या वेगाने." आमची मुलं रोज जीव तोडून पळतात. काल 5 मिनिटं 20 सेकंद लागले, तर आज 5-15 हवेत, उद्या 5-10. तीन आठवड्यांत नडगी दुखायला लागते, मग माझ्याकडे येतात. "साहेब, कळ थांबायचं इंजेक्शन द्या, पंधरा दिवसांवर ग्राउंड आलंय."

केंद्रात मला सर्वांत आवडली ती एक साधी वही. मुलं उठल्या उठल्या तिच्यात पाच-सहा गोष्टी लिहितात. झोप किती तास, अंथरुणातच मोजलेली नाडी, वजन, लघवीचा रंग, काय दुखतंय, आणि मुलींसाठी पाळीची तारीख. कुणाची सकाळची नाडी नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी वाढलेली दिसली की त्याचा त्या दिवसाचा सराव हलका करतात. मुलीची पाळी दोन-तीन महिने आली नाही तर आधी तिचं खाणं तपासतात, कारण खर्च होतो त्या मानाने पोटात कमी जातंय याची ती खूण असते, आणि त्याचा फटका पुढे हाडांना बसतो. या वहीची किंमत वीस रुपये. आमच्याकडे पाळी थांबली तर मुलगी सुटल्यासारखी खूश होते आणि आई घाबरून भलत्याच शंकेने दवाखान्यात आणते. सरावाचा विचार दोघींच्याही डोक्यात येत नाही.

नाडीवरून एक आठवण. काही वर्षांपूर्वी आमच्या ओपीडीत एका शिकाऊ डॉक्टरने धावत येऊन सांगितलं, "सर, पेशंटची नाडी 46 आहे!" पेशंट निवांत बसून शेंगदाणे खात होता. तो रोज पंधरा किलोमीटर पळणारा मुलगा होता, पायाला काटा लागला म्हणून आलेला. वर्षानुवर्षं पळणाऱ्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, म्हणून त्याला कमी ठोके पुरतात.

दुपारी आम्ही बालेवाडीला गेलो. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभ्या राहिलेल्या या संकुलात सायकलींचा ट्रॅक आहे. सिमेंटचा, उघड्यावरचा. व्हेलोड्रोम मी टीव्हीवर पाहिला होता. प्रत्यक्षात वळणाच्या खाली उभं राहिलं की आधी वाटतं, ही भिंत आहे, रस्ता नव्हे. वळणावर वेगात असलेली सायकल बाहेर फेकली जाऊ पाहते. ट्रॅक आतल्या बाजूला कललेला असल्यामुळे स्वाराचं वजन आणि वेग मिळून त्याला पृष्ठभागावर दाबून धरतात. म्हणजे इथे हळू जाणं जास्त धोक्याचं. वेग कमी पडला तर चाक घसरून खाली येतं. त्या सायकलीला ब्रेक नसतो, गिअर एकच, आणि मागचं चाक फिरतंय तोवर पायडलही फिरत राहतं. पाय थांबवून आराम करण्याची सोयच नाही. दिल्लीच्या इंदिरा गांधी संकुलात 250 मीटरचा लाकडी, छताखालचा ट्रॅक आहे. देशातले निवडक सायकलपटू तिथे तयार होतात.

एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी फेऱ्या मारत होती. बोलण्यावरून खेड्यातली वाटली. मित्र म्हणाला, "गेल्या वर्षी हिची वेळ अचानक घसरली. प्रशिक्षक म्हणाले, लक्ष नाही. मी म्हटलं, ओरडण्याआधी रक्त बघू." हिमोग्लोबिन साडेनऊ निघालं. लोहाच्या गोळ्या आणि जेवण सुधारल्यावर काही महिन्यांत वेळ पूर्वीसारखी झाली.

यातला हिशोब वाचकांनीही करून बघावा. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण 1.34 मिलिलीटर प्राणवायू वाहून नेतं. ज्या मुलीचं हिमोग्लोबिन 13 आहे तिच्या 100 मिलिलीटर रक्तात सुमारे 17 मिलिलीटर प्राणवायू मावतो. 8 असेल तर 11 सुद्धा मावत नाही. दोघी एकाच रेषेवरून पळायला सुरुवात करतात आणि आपण मागे पडलेलीला आळशी म्हणतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54 टक्के रक्तक्षयी निघाल्या. माझ्याकडे 800 मीटरची तयारी करणाऱ्या मुली येतात तेव्हा आठ, साडेआठ हे आकडे नवीन नसतात. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी याच्यासाठीच आहे. पण ती खाऊन वर चहा घेतला तर लोह फारसं अंगी लागत नाही. गोळी आणि चहा यांत दोन तासांचं अंतर ठेवा, गोळीसोबत लिंबू किंवा आवळा घ्या. हे मी दिवसातून दहा वेळा सांगतो, अकराव्यांदा इथे.

मला मुळात लिहायचं होतं ते वेगळंच. सकाळी केंद्रातून बाहेर पडताना मैदानाच्या कडेला एक मोठा निळा प्लॅस्टिकचा टब दिसला, पाण्याने भरलेला. शेजारी बर्फाची पेटी आणि लांब, लवचिक तारेचा एक थर्मामीटर. "हा कशाला?" मी विचारलं. मित्र म्हणाला, "वापरायची वेळ वर्षातून एखादवेळीच येते. पण तो भरल्याशिवाय उन्हातला सराव सुरू करू देत नाही मी."

मी त्या टबाशी जरा जास्तच वेळ उभा राहिलो.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मार्च महिना, सकाळचे आठ-सव्वाआठ. ऊन अजून तापलंही नव्हतं. एकवीस वर्षांच्या एका मुलाला त्याच्या मित्रांनी जीपमधून आणलं. भरतीच्या सरावात शेवटच्या फेरीत तो वेडावाकडा पळायला लागला, असंबद्ध बोलू लागला, मग पडला. घामाने निथळत होता. मित्रांना शिव्या देत होता, अंगावर धावून जात होता. मी काखेत थर्मामीटर लावला. 102 आला. उष्माघात मनात आला नाही असं नाही, पण माझ्या डोक्यातला उष्माघात पाठ्यपुस्तकातला होता. मे महिना, म्हातारा माणूस, कोरडी ठणठणीत कातडी. हा तरुण होता, घामेजलेला होता आणि ताप फक्त 102. मी मेंदूज्वर, फिट, साखर कमी होणं, कुणी काही दिलं असणं, अशा वाटांनी विचार केला. सलाईन लावलं, तापाचं औषध दिलं, मोठ्या रुग्णालयात पाठवण्यासाठी गाडी बोलावली. गाडी येईपर्यंत आणि पोचेपर्यंत दोन तास गेले. तिथे गुदद्वारातून तापमान घेतलं तेव्हाही ते 106 च्या वर होतं. लघवी काळ्या चहासारखी झाली होती. तिसऱ्या दिवशी तो गेला. आदल्या रात्री त्याने नडगीसाठी वेदनाशामक इंजेक्शन घेतलं होतं, हे नंतर कळलं.

आज जे मला पक्कं ठाऊक आहे ते तेव्हा असतं तर काय केलं असतं, ते लिहितो. भरतीची तयारी करणाऱ्या प्रत्येक मुलाच्या मित्राला ते माहीत असायला हवं. डॉक्टरपेक्षाही त्याला, कारण पहिल्या अर्ध्या तासात जवळ तोच असतो.

पळताना स्नायूंत जी ऊर्जा जळते तिचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा पाय हलवण्याच्या कामी येतो. उरलेली सगळी उष्णता होते. ती घामावाटे बाहेर गेली नाही तर शरीर आतून शिजायला लागतं. हवा दमट असेल, आदल्या दिवशी जुलाब झाले असतील, झोप झाली नसेल, वजन कमी करायला पाणी तोडलं असेल, तर हे सकाळी आठ वाजताही होतं, आणि धडधाकट मुलाला होतं. कातडी कोरडी असेलच असं नाही. काखेतलं तापमान इथे फसवतं, कारण बाहेरची कातडी घामाने गार झालेली असते आणि आत 106 असतं. ओळखायची खूण एकच: पळणारा मुलगा बरळायला लागला, झोकांड्या खायला लागला, आपलं नाव-गाव नीट सांगेना, की तो उष्माघात आहे असं धरून चाला. तापाचं औषध इथे काहीही करत नाही. तापात मेंदूने शरीराचं तापमान मुद्दाम वर ठेवलेलं असतं, औषध ते खाली आणतं. इथे मेंदूने काहीच वर ठेवलेलं नाही, भट्टीच विझत नाहीये.

उपाय म्हणजे थंड करणं, लगेच, जागेवर. आधी थंड करायचं, मग गाडीत घालायचं. अमेरिकेत फॅलमथ या गावी दर उन्हाळ्यात रस्त्यावरची शर्यत होते. तिथे 18 वर्षांत उष्माघात झालेल्या 274 धावपटूंना मैदानावरच बर्फाच्या पाण्यात बुडवलं गेलं. त्यातला एकही दगावला नाही. आपल्याकडे असा रोगी दवाखान्यात पोचेपर्यंतच पाऊण तास जातो आणि मेंदू, मूत्रपिंडं, यकृत त्या पाऊण तासातच खराब होतात.

टब नसेल तर? ताडपत्री आपल्याकडे घरोघरी असते. मुलाला ताडपत्रीवर झोपवा, चौघांनी कडा उचलून धरा म्हणजे झोळी होईल, तिच्यात पाणी आणि मिळेल तेवढा बर्फ ओता आणि पाणी हलवत राहा. डोकं वर धरायला एक माणूस स्वतंत्र ठेवा. बर्फ रसवंतीवर मिळतो, शीतपेयाच्या दुकानात मिळतो. नसेल तर बोअरचं पाणी सतत ओतत राहा आणि वारा घाला. दहा-पंधरा मिनिटं तरी. त्याच वेळी दुसऱ्याने 108 ला फोन करायचा. बेशुद्ध किंवा बरळणाऱ्या मुलाच्या तोंडात पाणी घालायचं नाही. तो कुडकुडला तरी अंगावर घोंगडी टाकायची नाही. तळपायाला कांदा चोळत बसू नका, कांद्याने काही बिघडत नाही पण वेळ जातो. आणि एक वेगळी गोष्ट: पडलेला मुलगा हालचालच करत नसेल, श्वास घेत नसेल, तर ते हृदय बंद पडलेलं आहे. तिथे पाणी नाही, छातीवर दाब द्यायला सुरुवात करायची. पळताना पूर्वी कधी चक्कर येऊन पडलेला, किंवा ज्याच्या घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलं आहे, अशा मुलाने सराव सुरू करण्याआधी ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी.

वेदनाशामकांबद्दल दोन शब्द. डायक्लोफिनॅकसारखी औषधं मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी करतात. निरोगी, पाणी प्यायलेल्या माणसाला ते सहसा जाणवत नाही. पण घामाने सुकलेल्या, स्नायू झिजलेल्या धावपटूमध्ये तेच औषध मूत्रपिंडं बंद पाडू शकतं. ग्राउंडच्या आदल्या दिवशी इंजेक्शन मागणाऱ्या मुलाला मी आता ठाम नाही म्हणतो. तो दुसरीकडे जाऊन घेतो, हेही मला माहीत आहे. ताकद वाढवण्याच्या नावाखाली मिळणाऱ्या इंजेक्शनांचं काय सांगावं? 2024 मध्ये भारतीय खेळाडूंचे सात हजारांवर नमुने उत्तेजक द्रव्यांसाठी तपासले गेले, त्यांत 260 दोषी निघाले. हे तपासणी होते त्या खेळाडूंचं झालं.

आता धोरणाचं. 2030 च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला ठरल्या आहेत, 2036 च्या ऑलिम्पिकसाठी देश प्रयत्न करतो आहे. राज्याच्या मिशन लक्ष्यवेधमध्ये राज्य, विभाग आणि जिल्हा अशा तीन पातळ्यांवर केंद्रं आहेत. हे व्हायलाच हवं. पण या सगळ्यात ज्याला खेळाडू म्हटलं जातं तो आधीच निवडलेला मुलगा असतो. निवड होण्याआधीचा मुलगा कुणाच्याच यादीत नसतो. आमच्याच जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बघा. लहानपणी शाळेसाठी सहा-सहा किलोमीटर पायी जाणारा, वीटभट्टीवर काम करणाऱ्या आई-बापांचा मुलगा. बारावीनंतर सैन्यात गेला, सियाचीनमध्ये राहिला आणि सैन्याच्या क्रॉसकंट्रीत त्याचे पाय लोकांच्या डोळ्यांत भरले, तेव्हा त्याने विशी गाठली होती. पुढे 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 8 मिनिटं 9.91 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत 11 वा. त्याच्याआधी माण तालुक्यातली ललिता बाबर याच शर्यतीत रिओला दहावी आली होती. आष्टी काय, माण काय, दोन्ही दुष्काळी तालुके. या मातीत पळणारे पाय आहेत हे पुन्हा सिद्ध करायची गरज नाही.

म्हणून बीडला व्हेलोड्रोम द्या, असं मी म्हणणार नाही. माझी मागणी त्याहून स्वस्त आहे आणि म्हणूनच कदाचित अवघड. प्रत्येक भरती मैदानावर आणि गावोगावच्या भरती अकादमीत पाण्याचा टब किंवा ताडपत्री, बर्फ आणि ते वापरायला शिकवलेली दोन माणसं. मार्च ते जूनमध्ये धावण्याची चाचणी सकाळी लवकर संपवणं. सराव सुरू करतानाच मुला-मुलींचं हिमोग्लोबिन. ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते, फक्त त्यासाठी यायला हवं. अकादम्यांबद्दल माझी तक्रार अशी नाही की त्या मुलांना राबवतात. बहुतेक ठिकाणी शिकवणारे कळकळीने शिकवतात. पण मुलगा पडला तर काय करायचं, हे त्यांना कुणी कधी सांगितलेलं नसतं. मला तरी कुठे सांगितलं होतं?

पुण्याहून आल्यावर एका रविवारी रस्त्यावरच्या मुलांना गोळा केलं. एका पोराला ताडपत्रीत झोपवून बाकीच्यांकडून पाणी ओतून घेतलं. फार हसले सगळे, पण झोळी कशी धरायची ते शिकले. मग वर्गणी काढून सराव करतात तिथे एक मोठी प्लॅस्टिकची टाकी आणून ठेवली. परवा सकाळी बघितलं तर शेजारच्या शेतकऱ्याची म्हैस तिच्यात तोंड घालून पाणी पीत होती. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, टाकी रोज भरलेली असावी असं तुम्हीच सांगितलंय ना? मीच भरतोय की."